मानसशास्त्राचं पहिलं वर्ष आणि आजोबांचं पोस्टकार्ड

गेल्या वर्षी वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी बीएला नाव घातलं, दूरशिक्षणातून, आणि विषय घेतला मानसशास्त्र. आठवडाभर सीएच्या ऑफिसात काम आणि रविवारी अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्र. तेव्हापासून भेटेल तो एकच विचारतो, मग आता आमच्या मनातलं ओळखता येत असेल ना तुला? सोसायटीतल्या एक काकू तर माझ्याशी जरा जपूनच बोलायला लागल्यात. म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहावं, कारण या वर्षभरात मला दुसऱ्या कुणाच्या मनातलं काहीही कळलेलं नाही, पण मला स्वतःला जे पक्कं आठवतंय म्हणून मी छातीठोकपणे सांगायचे ना, त्यातलं खरं किती हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदा पडलाय.

सुरुवातीचे धडे सगळ्यांना माहिती असतात तसेच. वुंट या जर्मन शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली, खाण्याआधीचा इशारा ऐकूनच लाळ गाळायला शिकलेला पावलॉव्हचा कुत्रा वगैरे. कुत्र्याच्या या शिकण्याला 'अभिजात अभिसंधान' म्हणतात, तो शब्द वाचून वर्गातल्या निम्म्या पोरी घाबरल्या, पण जुलै महिन्यात रिटर्नची तारीख जवळ आली की ऑफिसच्या फोनची रिंग वाजल्यावर माझ्या पोटात जो गोळा येतो, फोन कुणाचाही असो, तो तेच आहे हे कळल्यावर मला तो धडा परत वाचावा लागला नाही.

मग आला स्मृतीचा धडा. आणि तिथे मी अडकले ती अजून तिथेच आहे.

एबिंगहाउस नावाचा जर्मन माणूस, त्याने दोन हजारांवर निरर्थक अक्षरजुळण्या तयार केल्या आणि त्यातल्या याद्या वर्षानुवर्षं स्वतःच पाठ करत बसला, किती विसरलो ते मोजायला. पुस्तक आलं १८८५ मध्ये. पाठ केलेलं पहिल्या तासाभरातच निम्म्याहून जास्त निसटतं, पुढे निसटण्याचा वेग कमी होत जातो. हे वाचून मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटला, एकटा बसून घड्याळ लावून स्वतःलाच तपासत राहायचं म्हणजे काय चिकाटी असेल. पण ते झालं विसरण्याचं. जे आपण विसरलेलोच नाही, जे डोळ्यासमोर स्वच्छ दिसतं, ते तरी खरं असेल ना?

अमेरिकेत २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने कॉलेजच्या मुलांकडून लिहून घेतलं की बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होतात, कुणी सांगितलं, काय करत होतात. अडीचेक वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना परत तेच प्रश्न विचारले. त्यातल्या पाव मुलांचं एकही महत्त्वाचं उत्तर पहिल्याशी जुळलं नाही, आणि तरी बऱ्याच जणांना आपल्या आठवणीची पूर्ण खात्री होती. त्यांच्याच अक्षरातला त्यांचाच कागद समोर ठेवला तरी जुनी आठवण परत आली नाही.

हे वाचताना मला आमच्या घरातला पानशेतचा पूर आठवला.

पुण्यात जुन्या पेठेतलं घर असेल तर घरात पानशेतची एक गोष्ट असतेच. १२ जुलै १९६१. सकाळी पानशेत धरण फुटलं, मग खडकवासला, लकडी पूल पाण्याखाली गेला, नदीकाठच्या पेठा गेल्या. आमचा वाडा नारायण पेठेत. बाबा तेव्हा आठ वर्षांचे, आत्या अकरा. बाबांची गोष्ट मी लहानपणापासून दरवर्षी ऐकत आले, की मी आजोबांचा हात धरून गच्चीत उभा होतो आणि पूल बुडताना बघितला, पाण्याचा रंग कसा होता, एक म्हैस वाहत गेली, सगळं. आणि आत्या दरवर्षी म्हणायची, अरे तू कसला गच्चीत, आपल्याला सकाळीच पर्वतीवर नेलं होतं, रात्री आपण तिथेच झोपलो, कुणीतरी पिठलं-भाकरी दिली. मग दोघांचा वाद, मग चहा.

धडा वाचल्यावर मी दोघांना वेगवेगळं बसवलं, एकमेकांशी न बोलता, आणि दोघांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं. आणि योगायोग म्हणा काहीही म्हणा, दिवाळीत वाईला गेले तेव्हा तिथल्या नातेवाइकांनी जुनी पत्रं दिली, त्यात आजोबांचं पोस्टकार्ड निघालं. पुरानंतर चौथ्या दिवशी लिहिलेलं. त्यात लिहिलंय, 'मुले सकाळीच पर्वतीवर पोचविली. मी वाड्यातच राहिलो, गच्चीतून पाणी पाहिले. संध्याकाळी मुले भवानी पेठेत नेली, तेथेच आहेत.'

म्हणजे बाबा गच्चीत नव्हते. आजोबा होते. आजोबांनी ती गोष्ट इतक्या वेळा सांगितली, इतकी चांगली सांगितली, की ती बाबांच्या डोळ्यात उतरली. आणि आत्याचं पर्वती बरोबर, पण ती रात्र पर्वतीवर नव्हती, पिठलं-भाकरी कुठली कोण जाणे. दोघांतलं कुणीही खोटं बोलत नव्हतं. मला हे फार फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे दोन माणसं दोन गोष्टी सांगायला लागली की लगेच एकजण खोटारडा ठरतो. भावकीतल्या जमिनीच्या भांडणांपासून नवरा-बायकोपर्यंत सगळीकडे हेच.

आणि यात आमचाही हात होता हे मला नंतर लक्षात आलं. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग आहे, गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवून काहींना विचारलं गाड्या 'आपटल्या' तेव्हा वेग किती होता, काहींना विचारलं गाड्यांचा एकमेकींवर 'चक्काचूर' झाला तेव्हा वेग किती होता. आठवड्याने सगळ्यांना विचारलं, फुटलेल्या काचा दिसल्या का? फिल्ममध्ये काचा नव्हत्याच. पण चक्काचूर शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांना त्या दिसल्या होत्या, साधा शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांना. आता आम्ही भावंडं बाबांना दर जुलैला काय विचारायचो? 'बाबा, पूल बुडताना बघून तुम्हाला भीती नाही वाटली?' ती गच्ची आम्हीही थोडी थोडी बांधत होतो.

पोस्टकार्ड मी बाबांना दाखवलं. दाखवावं की नाही यावर दोन दिवस विचार केला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, अक्षरावरून बोट फिरवलं, आणि खूप वेळाने म्हणाले, 'पण मला तो आवाज अजून ऐकू येतो गं.' मी काही बोलले नाही. ऐकू येत असेलच.

आता माझी तक्रार. एवढा जिवंत विषय आणि आपल्याकडे पहिल्या वर्षाला तो शिकवतात कसा तर 'स्मृतीची व्याख्या सांगून प्रकार स्पष्ट करा, १० गुण'. नोट्स वाचून दाखवायच्या, गाइडमधले प्रश्न करायचे. मी वर्गात रेकॉर्डिंगचं सांगितलं तर उत्तर मिळालं की हे परीक्षेला नाही. आरशात बघत चांदणीचं चित्र गिरवायचं, ते मिरर ड्रॉइंग करायला, किंवा लाल शाईत 'निळा' लिहून शाईचा रंग सांगायला लावायचा स्ट्रूपचा प्रयोग करायला किती खर्च येतो? पन्नास रुपयांत चाळीस मुलांचा वर्ग होतो. एकदा स्वतःचा हात आरशात उलटा जायला लागला की पोरं तो धडा आयुष्यभर विसरणार नाहीत.

दुसरं म्हणजे जे प्रयोग डळमळलेत ते डळमळलेत असं सांगत नाहीत. आमच्या नोट्समध्ये अजून लिहिलंय की १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीजचा खून ३८ जणांनी नुसता उभं राहून बघितला. ज्या वर्तमानपत्राने ती बातमी छापली त्यानेच २०१६ मध्ये मान्य केलं की ते वार्तांकन सदोष होतं. मात्र त्या बातमीवरून डार्ली आणि लाताने यांनी १९६८ मध्ये केलेला प्रयोग वेगळा आहे, त्यात पलीकडच्या खोलीतल्या माणसाला झटका आल्याचा आवाज ऐकवला, आणि आपण एकटेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के लोक मदतीला उठले, आणखी चौघं ऐकतायत असं वाटणाऱ्यांपैकी ३१ टक्के. बातमी चूक आणि प्रयोग मोलाचा, हे दोन्ही एकदम सांगता येतं की, अठरा वर्षांच्या मुलांना ते नक्की कळतं. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास परत करून बघितले तर जेमतेम ३६ टक्क्यांचाच निष्कर्ष परत ठळकपणे मिळाला, हे तर मला माझं मी वाचून कळलं. मला यात विषयाची बदनामी वाटत नाही. उलट स्वतःच्या शास्त्राला असं उघड तपासणारी माणसं बघून माझा विश्वास वाढला.

आणि कृपा करून एक सेमिस्टर शिकून घरच्यांना रोगांची नावं देऊ नका. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाची सासू नार्सिसिस्ट आहे तर कुणाच्या मैत्रिणीला बायपोलर आहे. या शहरात 'येरवड्याला पाठवा', म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात, हे वाक्य शिवीसारखं वापरून आपण आधीच पुष्कळ माणसांना मदत मागायची लाज लावलीये, त्यात आता पुस्तकी शब्दांची भर नको. खरंच कुणाला त्रास होत असेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, तो नंबर द्या.

हे सगळं लिहितेय त्याचं खरं कारण दादा आहे. आई जाऊन अकरा वर्षं झाली. शेवटच्या आठवड्यात 'आता परत हॉस्पिटल नको' असं दादा म्हणाला, हे मी अकरा वर्षं धरून बसले होते, त्यावरून आमचं बोलणं सणावारापुरतं उरलं होतं. स्वयंपाकघराचं दार, त्याच्या हातातली पिशवी, सगळं मला दिसतं. जसं बाबांना पूल दिसतो. तिथे कुठलं पोस्टकार्ड निघणार नाहीये.

परवा रात्री त्याला फोन केला आणि एवढंच विचारलं की तुला त्या आठवड्याचं काय आठवतं. तो आधी गप्प झाला, मग पाऊण तास बोलला. त्यातलं बरंचसं माझ्या आठवणीशी जुळत नव्हतं. मी एकदाही 'असं नव्हतं' म्हटलं नाही.