एक नंबर माल

आमच्या सांगलीत ग्रेडिंग म्हटलं की माणसं बेदाण्याचंच समजतात. "कार्ड ग्रेडिंगला पाठवू का?" असं मी विचारलं, तेव्हा मार्केट यार्डात हयात गेलेले काका म्हणाले, "हिरवा का पिवळा?"

माझा माल एकच. ९६च्या विश्वचषकाच्या सुमारास मामेभावानं ऑस्ट्रेलियाहून आणलेलं सचिनचं कार्ड, क्रिकेटपटूंचे फोटो छापलेली जमवायची कार्डं असतात त्यातलं. २०१९ च्या पुरात खाली फ्रिज तरंगला, माळ्यावरचा अल्बम मात्र कोरडा राहिला. तो परवा सापडला आणि माझी झोप उडाली.

अमेरिकेतली पीएसए नावाची कंपनी अशी कार्डं तपासून १ ते १० गुण देते आणि कडक प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून परत पाठवते. चित्र मधोमध आहे का, कोपरे, कडा, पृष्ठभाग, एवढंच बघतात. धावांचं कुणी विचारत नाही. (सचिननं त्या स्पर्धेत सर्वांत जास्त, ५२३ काढल्या होत्या, तरी.) फी डॉलरमध्ये, वर जायचं-यायचं कुरिअर. १० मिळाले तर चांदी. ७ मिळाले तर कार्डापेक्षा डबी महाग.

लेकीच्या कंपासपेटीतली पट्टी घेतली. डावीकडचा पांढरा काठ २ मिलिमीटर, उजवीकडचा ३. म्हणजे ६०-४०. दहा गुणांना साधारण ५५-४५ लागतं. एक डोळा मिटून मोजलं. श्वास रोखून मोजलं, तेव्हा ५७-४३ पर्यंत आणलं. उजवा काठ जरासा कापला तर? आला, हाही विचार आला. पण पीएसएनं १९९१ मध्ये सगळ्यात आधी ग्रेड केलेलं कार्ड होनस वॅगनर या बेसबॉलपटूचं. ८ गुण, लाखो डॉलरना विक्री, आणि २०१३ मध्ये विक्रेत्याची कबुली, की कडा आपणच कापल्या होत्या. माझी तर कात्रीही लेकीची, बोथट.

रात्री दिवे घालवून मोबाइलच्या उजेडात कार्ड तिरकं धरलं. पॅडपासून हेल्मेटपर्यंत ओरखडा! दोन दिवस घास उतरेना.

"अहो, आईंचा एक्स-रेसुद्धा इतका निरखला नव्हता तुम्ही," बायको म्हणाली.

शेवटी काकांकडे गेलो.

"कव्हरातनं काढ की."

"कोपरे दुमडतील, काका."

"आरं, पोतं फोडल्याबिगर माल कळतोय व्हय?"

काढलं. ओरखडा कव्हरावरच राहिला, सचिन लख्ख! मी मनातल्या मनात डॉलरचे रुपयेसुद्धा करून टाकले.

अल्बमच्या त्या कव्हरात पाठीला पाठ लावून दुसरं कार्ड होतं, त्यामुळे मागची बाजू मी बघितलीच नव्हती. काकांनी सवयीनं उलटं केलं, चष्मा नाकावर घेतला आणि मोठ्यानं वाचलं. निळं बॉलपेन, चांगलं दाबून, माझंच अक्षर: 'इ. ५ वी ब. हे कार्ड चोरणाऱ्याला विद्येची शपथ.'

"डागी," काका म्हणाले. कार्ड परत देता देता पुन्हा एकदा बघितलं. "अक्षर मात्र एक नंबर हाय."