साठच्या पुढं कवळी खिशात

आमची पिकअप पंचावन्नपर्यंत सज्जन. साठला काटा टेकला की सीटखालून अशी थरथर सुरू व्हायची की डॅशबोर्डवरची चुन्याची डबी चालत चालत माझ्या मांडीवर यायची. वडील तर पिंपळगावला टोमॅटो न्यायचे म्हटलं की गाडीत बसायच्या आधीच कवळी काढून खिशात घालायचे. म्हणजे बोलायचे तरीही, फक्त शिव्या मऊ यायच्या.

आता गाडी थरथरतीये हे चारचौघात एकदा बोललात की संपलं. टायरवाला म्हणाला बॅलन्सिंग, केलं. शेजारचा म्हणाला टायरच गोटा झालेत, मागचे दोन नवीन टाकले. मग कुणीतरी इंजिनाचं फाउंडेशन गेलं म्हणून छातीठोक सांगितलं, तेही बदललं. साडेअकरा हजार गेले आणि डबी आहे तिथंच, म्हणजे मांडीवर.

शेवटी ओझरचा एक म्हातारा मिस्त्री शेजारी बसला. हायवेला सत्तरला नेऊन म्हणाला, न्यूट्रल कर. केलं. इंजिन गप, थरथर चालूच. "इंजिन नाही. स्टेअरिंग हलतंय का? नाही ना, बूड हलतंय. म्हणजे मागं बघायचं." चाक एकदा फिरतं तेवढ्यात शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांना फिरवणारा लांब दांडा, चारेक वेळा फिरतो, त्यामुळं तिथली बारीक चूकसुद्धा बुडाला कळते, असं त्याचं म्हणणं.

गॅरेजला येऊन गाडीखाली गेला, शाफ्टवरचा चिखल-ग्रीस बोटानं पुसला आणि खालूनच ओरडला, "हे दोन बाण समोरासमोर पाहिजेत. शाफ्ट कुणी उघडला होता?"

मी दाजींकडं बघितलं. दाजी लिंबाच्या झाडाकडं बघत होते.

झालं असं होतं की पावसाळ्यात क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा सांधा, बदलायचा होता आणि लेबरचे तीनशे वाचवायला आम्ही दोघांनी घरीच, यूट्यूब बघून, शाफ्ट काढला. खूण-बिण काही केली नाही. लावताना तो सरकता भाग दाते बसतील तसा ढकलला, दोन्हीकडचे क्रॉस एका रेषेत आहेत का हे कोण बघतंय, बसला याचाच इतका आनंद झाला की दाजींनी फोटो काढून ग्रुपवर टाकला.

मिस्त्रीनं बाण जुळवले, दीडशे घेतले.

येताना सत्तरला डबी जागची हलली नाही. वडिलांनी खिशातून कवळी काढली, धोतराला पुसली, नीट बसवली आणि म्हणाले, "हां, आता सांग. लेबरचे किती वाचले?"