वणव्याच्या स्मारकावर कोणाची नावे असावीत?

आमच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर, लागलेल्या वणव्याचे स्मारक उभारावे, असा विषय येत्या ग्रामसभेपुढे येणार आहे. राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावात त्यावरून सध्या बरीच चर्चा चालू आहे आणि त्यातला एक प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतो: माणूस एकही दगावला नाही, मग स्मारक कशाला? हा प्रश्न विचारणारी मंडळी गावाचे भलेच चिंतणारी आहेत, म्हणून त्यांना सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

आपल्याकडे काय जळते, हे आधी नीट पाहू या. माघ-फाल्गुनात सड्यावरचे गवत वाळते. कोणी बांधावरचा पाला पेटवतो, कोणी विडीचे थोटूक टाकतो, कोणी पावसात गवत चांगले येईल या समजुतीने मुद्दाम काडी लावतो, आणि दुपारी समुद्राकडून वारा सुटला की ती आग गडगे (दगडी कुंपणे) ओलांडून आंबा-काजूच्या बागांत शिरते. त्या दिवशीही तेच झाले. बायकांनी डोक्यावरून हंडे वाहिले, मुलांनी फवारणीचे पंप पाण्याने भरून पाठीवर घेतले, बाकीच्यांनी हिरवे टहाळे तोडून ज्वाळा झोडपल्या. हवामानावर आधारित फळपीक विम्याचे निकष पाऊस, तापमान आणि वारा यांचे असतात. वणव्याने होरपळलेले आंब्याचे कलम त्यांत बसत नाही. पंचनाम्याचे कागद यथावकाश फायलीत गेले, आणि गावाने काय गमावले याची सगळ्यांना वाचता येईल अशी नोंद आज कुठेही नाही.

कलम लगेच मरत नाही, हे बागायतदारांना सांगायला नको, पण शहरातल्या वाचकांना सांगायला हवे. आगीनंतर काही दिवस झाड हिरवे दिसते आणि माणसाला आशा वाटते. मग कोयतीच्या टोकाने साल किंचित खरवडून पाहायची: आत हिरवे ओले दिसले तर जीव आहे, तपकिरी कोरडे दिसले तर त्या बाजूचे सगळे गेले. पावसाळ्यात पुष्कळशा खोडांना तळातून फुटवे आले, तेव्हा लोकांना फार आनंद झाला; परंतु कलमाच्या जोडाच्या खालून येणारा फुटवा हा खुंटाचा, म्हणजे रायवळाचा असतो, हापूसचा नसतो. त्यावर हापूसची काडी आणून नव्याने पाचर कलम बांधावे लागते, ते जगवावे लागते आणि फळासाठी पुन्हा काही वर्षे थांबावे लागते. गाव सावरले असे आपण म्हणतो तेव्हा त्यात हे सगळे हातांचे काम असते. स्मारकाने नुकसानीइतकीच या कामाचीही नोंद ठेवली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

जगात अशी स्मारके झाली आहेत. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात 7 फेब्रुवारी 2009 रोजी लागलेल्या वणव्यांत 173 माणसे गेली. त्यांच्या स्मरणार्थ तिथल्या लोहारांनी एक धातूचे झाड उभारले आणि त्याची पाने घडवायला देशोदेशीचे लोहार पुढे आले. कित्येक पानांवर माणसांची आणि गावांची नावे ठोकलेली आहेत. ते झाड स्ट्रॅथेवन या लहानशा गावात आहे. हवाई बेटांवरील लहायना शहर 8 ऑगस्ट 2023 रोजी जळाले, 102 जणांचा बळी गेला. तिथे 1873 मध्ये लावलेला, मूळचा भारतातून नेलेला वड होता; तो होरपळला, त्याचा बराच भाग गेला, पण काही आठवड्यांत त्याला पालवी फुटली आणि उद्ध्वस्त झालेल्या लोकांनी त्याच्या मुळांना पाणी घालून त्याची निगा राखली. त्यांचे दुःख आपल्या दुःखापेक्षा कितीतरी मोठे आहे आणि त्या दोहोंची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. पण दोन्हीकडे लोकांचे हात त्या आठवणीला लागले, ही गोष्ट मला आपल्यासाठी मोलाची वाटते.

आता नावांविषयी. ज्यांच्या सातबाऱ्यावर बागा आहेत त्यांची नावे येतीलच. माझा आग्रह इतरांसाठी आहे. बागेत राखणीला राहणारे नेपाळी कुटुंब, ज्यांची झोपडी अंगावरच्या कपड्यांखेरीज सगळ्या सामानासह जळाली. धनगरवाडीतली माणसे, ज्यांचा वर्षभराचा चारा गेला आणि तरीही जी सर्वांत आधी टहाळे घेऊन धावली. शेजारच्या गावातून न बोलावता आलेली पोरे. सरकारी कागदावर यांचे नुकसान नाही आणि यांचे उपकारही नाहीत. निदान आपल्या दगडावर ते असावेत. उद्घाटकाचे नाव मात्र त्यावर कोणाचेही नको, मग तो कोणत्याही पक्षाचा असो.

बांधकाम साधे असावे. जांभ्याच्या चिऱ्यांचा गडगा आपले गवंडी उत्तम रचतील. अक्षरे जांभ्यावर टिकत नाहीत, म्हणून मजकुरासाठी काळ्या दगडाची पाटी घ्यावी. तीवर आग कुठे लागली, वारा कोणीकडचा होता, ती कुठवर आली आणि कुठे अडवली, हे स्पष्ट लिहावे, कारण पुढच्या पिढीला त्याचा खरा उपयोग होईल. जागा ग्रामपंचायतीसमोर नको, सड्यावर आग अडवली तिथेच हवी. शेजारी पाण्याची टाकी बांधावी आणि तिथूनच दर वर्षी जानेवारीत गावाने मिळून बेणणी, म्हणजे गवत-झुडपांची सफाई, सुरू करावी, बागांभोवतीचा पट्टा साफ करावा. रत्नागिरी जिल्ह्यात बहुतेक डोंगर खासगी मालकीचे आहेत. तिथे जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा असा मोकळा पट्टा, काढायला दुसरे कोणी येणार नाही. या कामाचा ठराव स्मारकाच्या ठरावाबरोबर होणार नसेल, तर मी स्मारकाच्या बाजूने हात वर करणार नाही.

ग्रामसभेला येताना प्रत्येक वाडीने आपल्याकडची नावे लिहून आणावीत, आणि जे मुंबईला आहेत त्यांनी घरच्यांना फोन करून त्या दिवशी सड्यावर कोण कोण होते ते विचारून घ्यावे.