धुक्यात ‘मायनस’ करा म्हणे!

कास पठाराचा सीझन जवळ आला की फुलांच्या आधी फॉरवर्ड फुलतात. यंदाचा आहे फोटोग्राफीचा, ‘परफेक्ट एक्स्पोजरची पाच सूत्रं’. एक्स्पोजर म्हणजे फोटोत घ्यायचा उजेड. धुक्यात एक्स्पोजर मायनस (कमी) करा, काळ्या जनावराला प्लस (जास्त) करा, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, ४०० च्या वर नेऊ नका, मोड कायम मॅन्युअलच (सगळं स्वतः ठरवायचा) ठेवा आणि उजेड कमी असेल तर बिनधास्त फ्लॅश मारा. साताऱ्यातल्या ग्रुपांवरून फिरत फिरत तो माझ्या पुतण्यापर्यंत पोचला. पोरगं इमानदारीत सगळं पाळून कासला जाऊन आलं आणि विचारतंय, “काका, कॅमेरा बिघडलाय का?” फोटोत धुकं कुठं दिसतंय? वीटभट्टीचा धूर वाटतोय. तेरड्याचा गुलाबी रंगही मळकट.

कॅमेरा ठणठणीत आहे, सूत्र बिघडलंय. समोर धुकं आहे की डांबर, हे कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला कळत नाही. जे दिसेल ते मध्यम राखाडी, म्हणजे १८ टक्के उजेड परतवणारं, असं धरून ते हिशोब करतं. धुकं त्याहून बरंच उजळ. म्हणजे मीटर ते आधीच काळवंडून ठेवणार आणि त्यावर तुम्ही आणखी मायनस करणार! धुक्यात प्लसच लागतो. एक स्टॉपपासून (एक स्टॉप प्लस म्हणजे उजेड दुप्पट, मायनस म्हणजे निम्मा) सुरुवात करा, दाट असेल तर दीडपर्यंत जा. मग कॅमेऱ्यातला हिस्टोग्राम बघा, म्हणजे डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ भाग दाखवणारा आलेख. त्यातला उंचवटा मध्याच्या उजवीकडे हवा, पण उजव्या कडेला चिकटलेला नको. पुतण्याच्या फोटोत तो पार डावीकडे सरकलेला.

हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन फोटोग्राफरांनी १९४० च्या सुमारास झोन सिस्टिम, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांची क्रमवारी, मांडली ती याच पायावर. मीटर सांगतं तो पाचवा झोन, मध्यम राखाडी. एक झोन म्हणजे एक स्टॉप. समोरची वस्तू कितव्या झोनमध्ये बसवायची ते मीटरनं नाही, फोटोग्राफरनं ठरवायचं. ऐंशी वर्षं उलटून गेली, आणि आमच्याकडे अजून ‘धुक्यात मायनस’.

काळ्या जनावराचं सूत्र म्हणजे तीच चूक उलटी करून. कोयनेच्या जंगलात गवा फ्रेमभर आला तर मीटर त्यालाही राखाडी करायला बघतं. वर प्लस केलात तर गवा फिका पडतो आणि गुडघ्याखालचे त्याचे पांढरे पाय जळून जातात. तिथं मायनस करायचा, पाऊण-एक स्टॉप.

एवढं मात्र नाइलाजानं कबूल करतो की मायनस सगळीकडेच चुकीचा नसतो. मायणीच्या तलावात गडद पाण्यावर लांब एकटा बगळा असेल तर मीटर पाण्याला भुलतं आणि बगळ्याची पिसं नुसता पांढरा डाग होतात. तिथं मायनस बरोबर. फॉरवर्डवाल्यानं असलाच एखादा फोटो बघून नियम ठोकून दिला असणार.

आयएसओवर वेळ घालवत नाही. पहाटे उडता पक्षी १/१००० सेकंदाच्या शटरनं टिपायचा तर आयएसओ १६००, ३२०० लागणारच. फोटोत थोडे दाणे चालतात, हललेला पक्षी दुरुस्त होत नाही. आणि मॅन्युअल? पक्षी आभाळावरून डोंगरासमोर येतो तेव्हा उत्तम, कारण पार्श्वभूमी बदलली तरी त्याच्यावरचा उजेड तोच असतो. पण कासला क्षणात ऊन, क्षणात ढग. तिथं ॲपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचं छिद्र तुम्ही ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो) लावा आणि प्लस-मायनसच्या चाकावर अंगठा ठेवा.

राहिला फ्लॅश. समोरचा डोंगर तर त्याच्या टप्प्यातच नसतो. धुक्यात तो उजेड जवळच्या थेंबांवर आपटून लेन्सकडेच परततो, फोटोभर पांढरे ठिपके. तेवढ्यावर भागलं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण हाच मेसेज वाचून कुणी रात्री यवतेश्वरच्या रस्त्यावर बसलेल्या रातव्याच्या, म्हणजे रात्री फिरणाऱ्या पक्ष्याच्या, डोळ्यांत चार हातांवरून फ्लॅश मारणार. अंधाराला सरावलेले डोळे दिपतात, आणि त्याच रस्त्यानं मागून गाड्या येत असतात. बाकीच्या चार सूत्रांवर नंतर भांडू. ॲडमिन, हे पाचवं तेवढं आजच्या आज ग्रुपवरून उडवा.