धीटपणापेक्षा मोठा फायदा

नाट्यशिबिराने मुलं धीट होतात, असं एका लेखात म्हटलंय. खरंय, पण माझ्या मते मुलं समोरच्याकडे नीट बघायला शिकतात, हा त्याहून मोठा फायदा. ‘आरसा’ हा खेळ घ्या. दोघं समोरासमोर, एकाने हात हलवायचा, दुसऱ्याने अगदी तसाच. घाई केली की जोडी फिसकटते. एरवी पाच मिनिटं एका जागी न बसणारा माझा पुतण्या या खेळात श्वास रोखून उभा होता! (घरी येऊन पुन्हा धिंगाणा, ते सोडा.) अमेरिकन नाट्यशिक्षिका व्हायोला स्पोलिन यांनी शिकागोत स्थलांतरितांच्या मुलांसोबत काम करताना असे नाट्यखेळ घडवले. शिबिर घेणाऱ्यांना एकच विनंती, शेवटच्या प्रयोगाचं स्तोम माजवू नका. संवाद पाठ करण्यात निम्मं शिबिर जातं आणि मुख्य भूमिका पुन्हा त्याच बोलक्या पोरांना!