भाट म्हणायच्या आधी

‘एक वाचक’ यांस,

शेक्सपिअरच्या नाटकांतल्या राजकारणावरच्या माझ्या लेखावर आलेली आपली प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी चहा झाल्यावर पुन्हा वाचली. चहानेही फरक पडला नाही.

आधी चूक कबूल करतो. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड जिच्यात मारला गेला ती बॉसवर्थची लढाई १४८५ची, माझ्या लेखात १४८३ पडलं. ते त्याच्या राज्यारोहणाचं साल. दुरुस्त केलंय, आभारी आहे. पण एक आकडा चुकला म्हणून ‘इतिहासाचा गंध नसताना लेखणी परजणारे’? एवढ्या आवेशात आमच्याकडे बांधाची भांडणंही होत नाहीत.

आता तुमचं ते वाक्य: ‘शेक्सपिअर हा ट्यूडर घराण्याचा भाट, यापलीकडे या नाटकांत राजकारण नाही.’ (ट्यूडर म्हणजे तेव्हाच्या राणी एलिझाबेथचं घराणं.)

भाट म्हणजे बिदागी देणाऱ्याचे गोडवे गाणारा. बरं, मग बिदागीचाच हिशेब पाहू. फेब्रुवारी १६०१मध्ये राणीचा एक सरदार, अर्ल ऑफ एसेक्स, याची माणसं शेक्सपिअरच्या मंडळीतल्या नटांकडे गेली आणि ‘दुसरा रिचर्ड’ लावा म्हणाली. नट कुरकुरले, नाटक जुनं झालंय, बघायला येणार कोण? तेव्हा नेहमीच्या उत्पन्नावर ४० शिलिंग जास्त कबूल केले. ७ तारखेला ग्लोब नाट्यगृहात प्रयोग झाला. ८ला एसेक्स हत्यारबंद माणसं घेऊन लंडनच्या रस्त्यावर उतरला आणि फसला. राणीच्या दरबारावर चालून जाणारी माणसं आदल्या दिवशी पदरचे पैसे मोजून तिच्या भाटाचं कवन ऐकायला बसतील? त्यांना त्या नाटकात गादीवरून खाली उतरवलेला राजा बघायचा होता, साहेब. (किंवा बाई. नावावरून काहीच कळत नाही.)

तुम्ही म्हणाल, नटांना शिक्षा कुठे झाली? नाही झाली. ऑगस्टीन फिलिप्स या नटाची जबानी घेतली, प्रकरण मिटलं. एसेक्सचं मुंडकं उडायच्या आदल्या दिवशी याच मंडळीनं राणीपुढे नाटकही केलं. पण घरच्या भाटाची जबानी कोण घेतं?

आणखी एक. त्याच नाटकात राजा मुकुट सोडतो तो प्रसंग १५९७च्या पहिल्या छापील प्रतीत नाही. तो छापून आला १६०८मध्ये, एलिझाबेथ जाऊन पाच वर्षं झाल्यावर.

हे सगळं पुस्तकातलं झालं. पण त्याच प्रसंगाची तालीम मी प्रॉम्प्टरच्या स्टुलावर बसून पाहिली आहे. कॉलेजात आम्ही त्याचं मराठी केलं होतं. मुकुट पुठ्ठ्याचा, वर सोनेरी कागद. एका बाजूनं रिचर्डनं धरलेला, दुसऱ्या बाजूनं त्याची गादी घेणाऱ्या बोलिंगब्रोकनं. दोघंही सोडेनात. ओढाताणीत खळ सुटली आणि सोनेरी कागदाची पट्टी रिचर्डच्या मुठीत राहिली. कुणी हसलं नाही. पुढचं वाक्य सांगायचं माझं काम, तेही मी विसरलो. चार दिवसांनी संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांचा निरोप आला, ‘तेवढा भाग गाळा.’ संस्थेत तेव्हा अध्यक्ष बदलण्यावरून धुसफूस चालू होती. मेलेल्या इंग्रज राजाच्या पुठ्ठ्याच्या मुकुटाला आमची कार्यकारिणी घाबरली! आम्ही गाळला, याची अजून लाज वाटते. तेव्हा ‘राजकारण नाही’ हे निदान मला सांगू नका. आणि खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर इंग्रज सरकारनं बंदी का घातली, हे मराठी वाचकाला मी समजावून सांगायचं का?

बाकी तुम्ही तिसऱ्या रिचर्डवर दोन परिच्छेद लिहिलेत. त्याला कुबडा खलनायक केला, शेवटी एलिझाबेथच्या आजोबाला तारणहार बनवून उभं केलं, वगैरे. असेल. २०१२मध्ये लेस्टरच्या वाहनतळाखाली त्याचा सांगाडा सापडला तेव्हा कणा खरोखरच वाकडा निघाला, एवढं सांगून सोडून देतो. माझा लेख त्या रिचर्डवर नव्हताच. त्याचा उल्लेख एका ओळीत होता, आणि साल तेवढ्यातच चुकलं.

इंग्रजी साहित्याची पदवी आहे का, असंही विचारलंत. नाही. बी.कॉम. आहे, दुसऱ्या वर्गात. आपण मात्र पुढच्या वेळी नाव लिहायचं तेवढं मनावर घ्या.