किलोवर का फुटावर? ग्रिलवरून पेटलेला कट्टा

काल संध्याकाळी वसमत रोडच्या आमच्या कट्ट्यावर चहा यायच्या आधीच भांडण आलं. मास्तरांच्या घराचं काम चालूय, खिडकीच्या ग्रिलसाठी त्यांनी तीन दुकानं पालथी घातली, एकानं किलोवर रेट सांगितला, दुसऱ्यानं स्क्वेअर फुटावर, तिसऱ्यानं नुसतं खिडकीकडं बघून ठोक आकडा फेकला, आणि तिन्हीचा मेळ कशालाच बसंना. मग राग काढायला हक्काचा माणूस म्हणजे आमचा मिस्त्री. फॅब्रिकेशनचं शेड हाय त्याचं, रोज हात धुवून कट्ट्यावर येतो पण हाताचा काळेपणा काही जात नाही.

"तुमचा धंदाच चोराचा हाय बघ," मास्तर म्हणले, "जालन्याच्या सळईचा भाव उतरला म्हणून पेपरात आलंय, तुमचा रेट कामून उतरंना?"

"मास्तर, सळई स्लॅबमधी जाती. तुमच्या ग्रिलला चौकोनी बार लागतोय, अन् तो मी मागच्या महिन्यात भरलाय, पेपर वाचून नाही भरला."

बापूनं पेट्रोल ओतलं, "किलोवर दिलं की हे लोक जड करतेत अन् फुटावर दिलं की हलकं करतेत, माझ्या गेटला तेच झालं, धक्का मारला की हालतंय."

मला वाटलं मिस्त्री उठून जाईल. त्यानं खिशातून मार्किंगचा खडू काढला आणि कट्ट्यावरच लिहायला लागला. खिडकी चार बाय चार, म्हणजे १६ स्क्वेअर फूट. चार-चार इंचावर ११ उभे बार, चारी बाजूची फ्रेम, मधी दोन आडवे. सगळा मिळून ६८ फूट बार. आता वजन सांग म्हणला मला, कारण मी हार्डवेअरच्या दुकानात बिलं फाडतो आणि हे आकडे मला झोपेत विचारले तरी येतात. १० एमएमचा चौकोनी बार मीटरला ७८५ ग्रॅम, १२ चा १ किलो १३०, ८ चा अर्धा किलो. (गोल बार असला तर एमएमचा वर्ग करून १६२ नं भागायचं, मीटरचं वजन निघतं, हे आमच्याकडं हमालाला पण पाठ आहे.) म्हणजे तीच खिडकी, तेच १६ फूट, पण ८ च्या बारात साधारण साडेदहा किलो, १० च्यात सव्वासोळा, १२ च्यात साडेतेवीसच्या आसपास. मास्तर गप. कारण त्यांनी फुटाचा रेट विचारला होता पण बार कोणता हे तिन्ही दुकानात एकदाही विचारलं नव्हतं, आणि दुकानदार स्वतःहून कशाला सांगंल.

"बघा, म्हणजे बापू बरोबरच म्हणला," मास्तर परत चढले.

"बरोबर हाय की," मिस्त्री म्हणला, आणि हे मला आवडलं, त्यानं नाही म्हणलं नाही. "पण आता माझ्या बाजूनं मोजा. जोड किती?" त्यानं बोटानं मोजून दाखवले. ११ बारांचे प्रत्येकी चार, ते ४४, आडव्याची टोकं चार, फ्रेमचे कोपरे चार. ५२ जोड. "बार आठाचा असू द्या नाहीतर बाराचा, जोड ५२ च. समजा मजुरी किलोला ३० धरली, हिशेबापुरती, तर हलक्या ग्रिलला मला सव्वातीनशे बी मिळंनात अन् जडाला सातशे. मंग मी जडच करा म्हणणार की नाही? अन् ती बारीक पानाफुलाची जाळी मागतेत न लोकं, वजन चार किलो अन् जोड दोनशे, ती किलोवर घेतली की मिस्त्री मेला."

बापू म्हणला मग वेल्डिंगचा रॉड, ग्राइंडिंगचं चाक, रेड ऑक्साइड हे सगळं ३० मधी कसं काय बसवतोस. मिस्त्री म्हणला बसत नाही, म्हणूनच माप घ्यायला दोन चकरा, टेम्पोचं भाडं, वरच्या मजल्यावर चढवून फिटिंग, हे ज्याचं त्याला वेगळं लागतं आणि तिथंच भांडणं होतेत. मास्तरांना पक्कं बिल पण पाहिजे होतं आणि वरचा १८ टक्के जीएसटी मात्र नको होता, ते आम्ही हसण्यावारी नेलं.

रिपेरिंगचं तर वेगळंच. मृगाच्या तोंडावर माणूस तुटलेली मोगड्याची (रान मोकळं करायच्या अवजाराची) फण घेऊन येतो, दोन रॉड जळतात, शंभर मागितले की म्हणतो दोन रॉडचे शंभर? तिथं किलो नाही, फूट नाही. त्याचं रान वापशावर आलंय आणि मिस्त्रीनं हातातलं गेट सोडलंय, रेट त्याचा आहे. आणि तो पण सोयाबीन विकल्यावर मिळणार.

खरा वाद पेटला तुकड्यांवर. बार येतो ६ मीटरचा, म्हणजे १९ फूट ८ इंच. त्यात चार फुटाचे चारच बसतात, पाचव्याला चार इंच कमी पडतेत. १० एमएमचा प्रत्येक बार जवळजवळ ९०० ग्रॅमचा तुकडा मागं ठेवतो, या खिडकीत असे चार, साडेतीन किलो. ते कुणाचे? मास्तर म्हणले ग्रिल तोलून पैसे घेतो तर तुकडे तुझे, तुझं तू बघ. मिस्त्री म्हणला मंग रेट वाढवून घेणार. मास्तर म्हणले नको, पूर्ण बारचे पैसे मी देतो पण तुकडे माझ्या घरी आले पाहिजेत. मिस्त्री म्हणला न्या की. (माझं मत विचाराल तर हाच सौदा सगळ्यात स्वच्छ, माल मालकाचा आणि मजुरी ठरवून, पण असं करायला गिऱ्हाइकाला वेळ पाहिजे आणि मास्तर रिटायर आहेत.)

ठरलं. दहाचा बार, माल मास्तरांचा.

चहा संपता संपता मास्तर म्हणले, "मी काय म्हणतो, त्या चार तुकड्यांचं रांजणाला एक स्टँड करून दे न."

मिस्त्री काही बोललाच नाही, खडू मास्तरांच्या हातात दिला. मास्तरांनी कट्ट्यावर स्टँड काढलं, चार पाय, वर चौकट, खाली चौकट, आणि बोट ठेवून जोड मोजायला लागले. सोळावर गेल्यावर थांबले आणि म्हणले, "पण तुकडे तर माझेच हायत की."